वाचकांचे प्रश्न : खिडकीपाशी एक तास

गेल्या अंकात इंग्लंडमधील ओकहॅम या आमच्या शांत गावाविषयी आणि आमच्या परसबागेत येणाऱ्या पक्ष्यांविषयी मी दोन पानांचे टिपण लिहिले होते. ओकहॅम हे रटलंड या लहानशा काउंटीचे मुख्य गाव. एक छोटे रेल्वे स्थानक, बुधवार-शनिवारचा बाजार, भिंतींवर घोड्यांचे नाल टांगलेला एक मध्ययुगीन दिवाणखाना आणि संध्याकाळी पाचनंतरची सामसूम, एवढे त्याचे वर्णन पुरे आहे. त्या टिपणावर इंग्लंडात स्थायिक झालेल्या वाचकांची, मुलांकडे काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांची आणि महाराष्ट्रातून निव्वळ कुतूहलाने लिहिणाऱ्यांची पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न थोडे आखडते घेऊन येथे देत आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नोव्हेंबरपासून आम्ही उभयता मुलाकडे आलो आहोत. मुलगा आणि सून दिवसभर कामावर असतात. दुपारी चारच्या आत अंधार पडतो आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. सौ. म्हणते, परत जाऊ. येथील लोक आपला रिकामा वेळ घालवतात तरी कसा? — एक वाचक, सातारा (सध्या मुक्काम लिंकनशायर)

उत्तर : सौभाग्यवतींचे म्हणणे मला पूर्ण समजते, कारण पहिल्या हिवाळ्यात मीही सामानाची बॅग दोनदा भरून पुन्हा रिकामी केली होती. रस्ता ओस दिसतो तो माणसे नसल्यामुळे नव्हे, तर येथे ओट्यावर सहज बसून गप्पा मारण्याची पद्धत नसल्यामुळे. प्रत्येक गोष्टीला वार आणि वेळ ठरलेली असते आणि ती आपण शोधून काढल्याशिवाय कळत नाही. आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन सूचनाफलक वाचावा. यू-थ्री-ए या नावाने चालणारी, १९८२ मध्ये सुरू झालेली निवृत्तांची चळवळ बहुतेक गावांत आहे. तिच्यात परीक्षा नाही आणि पदवीही नाही. ज्याला जे येते ते तो इतरांना शिकवतो, आणि आपल्यासारख्या शिक्षकाला तर तेथे काम लावतील. उन्हाळ्यात यायचे झाले तर अलॉटमेंट हा प्रकार आवर्जून पाहावा. नगर परिषदेकडून भाड्याने मिळणारा हा भाजीपाल्याचा तुकडा असतो. त्याचे पूर्ण माप सुमारे अडीचशे चौरस मीटर, आणि १९०८ च्या कायद्याने त्याला आधार दिलेला आहे. प्रतीक्षायादी मात्र लांब असते, म्हणून सहा महिन्यांच्या पाहुण्याने तेथे शेजाऱ्याच्या तुकड्यावर खुरपणी करण्यातच समाधान मानावे.

हे झाले बाहेरचे. हिवाळ्यात घरात बसून करता येईल अशी गोष्ट म्हणजे मागच्या खिडकीपाशी एक खुर्ची टाकणे. दाण्याचे एक फीडर झुडपापासून दोनेक मीटरवर टांगावे, म्हणजे पक्ष्याला धोका दिसताच आडोसा गाठता येतो आणि मांजराला मात्र झुडपातून थेट झडप घालता येत नाही. सकाळी उजाडल्यावर पहिले दोन तास आणि अंधार पडण्यापूर्वीचा एक तास, या दोन वेळा सांभाळाव्यात. ब्लू टिट या जेमतेम अकरा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला सोळा तासांची थंड रात्र केवळ अंगातल्या चरबीवर काढायची असते, त्यामुळे उजाडताच तो हातातली सगळी कामे टाकून खायला येतो, आणि मावळतीपूर्वी पुन्हा पोट भरून घेतो.

एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, हवा आणि दिसलेले पक्षी, एवढेच लिहावे. पहिल्या आठवड्यात चार-पाचच नावे होतील: केशरी छातीचा रॉबिन, काळा नर आणि तपकिरी मादी अशी जोडी असलेला ब्लॅकबर्ड, निळ्या टोपीचा ब्लू टिट, आणि जमिनीवर भिंतीच्या कडेने उंदरासारखा सरकत जाणारा डनॉक. हा शेवटचा पक्षी सगळ्यांना चिमणी वाटतो. त्याची चोच बारीक सुईसारखी आणि मान राखाडी असते, चिमणीची चोच मात्र दाणा फोडणारी, जाड असते, हे एकदा लक्षात आले की दोघांत पुन्हा गल्लत होत नाही. आणि वहीचे काम सौभाग्यवतींकडे द्यावे असे मी सुचवीन. स्वयंपाकघराची खिडकी बहुधा मागच्या बागेकडे असते, त्यामुळे आमच्या घरातील निम्म्याहून अधिक नोंदी भाजी चिरता चिरता झालेल्या आहेत.

बोलायला माणूस मिळेल का, हा आपला खरा प्रश्न आहे हे मी जाणतो. आमच्या शेजारच्या आजोबांशी अकरा वर्षे आमचे संभाषण हवामानापलीकडे गेले नव्हते. एका जानेवारीत त्यांनी कुंपणावरून विचारले, "आज तुमच्याकडे गोल्डफिंच आले का? आमच्याकडून उडून गेले." त्यानंतर चहा झाला.

प्रश्न : जानेवारीतील पक्षिगणनेत आम्ही नवरा-बायकोने भाग घेतला. मी तासाभरात ४७ चिमण्या मोजल्या आणि पत्नीने त्याच तासात त्याच बागेत ९ मोजल्या. दोघांपैकी कोणाचा आकडा पाठवावा? — एक वाचक, स्विंडन

उत्तर : पत्नीचा. त्या एका तासात प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त किती पक्षी एकाच वेळी नजरेस पडले तो आकडा लिहायचा असतो. आलेल्या-गेलेल्यांची बेरीज करायची नसते. आपल्या ४७ चिमण्या म्हणजे बहुधा त्याच नऊ चिमण्या कुंपण आणि फीडर यांच्यामध्ये पाच-सहा खेपा घालत होत्या. केवळ वरून उडून जाणारे पक्षीही धरू नयेत. बागेत उतरले तेच खरे.

ही गणना पक्षिसंरक्षणाचे काम करणारी आरएसपीबी ही संस्था १९७९ पासून जानेवारीच्या अखेरच्या शनिवार-रविवारच्या सुमारास घेत आली आहे. सुरुवातीला बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमातून बालकांसाठी काढलेला तो एक हिवाळी उद्योग होता. आता पाच लाखांहून अधिक लोक त्यात भाग घेतात. संस्था त्याहून कितीतरी जुनी आहे. स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्यासाठी पक्ष्यांची जी कत्तल चालत असे तिच्या विरोधात मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी १८८९ मध्ये आपल्या घरी बायकांना जमवून तिचा पाया घातला.

पहिल्या वर्षी यादीत अग्रस्थानी स्टार्लिंग हा मैनेच्या कुळातला पक्षी होता, दर बागेमागे सरासरी पंधरा. पुढे कितीतरी वर्षे चिमणी पहिली येत राहिली, आणि त्यावरून इंग्लंडात चिमण्या वाढल्या असा समज होतो, तो चुकीचा आहे. गेल्या चार-पाच दशकांत येथील चिमण्या निम्म्याहून कमी झाल्या आणि तिचे नाव धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. स्टार्लिंगची घसरण बागांमध्ये तिच्याहून अधिक झाली, म्हणून चिमणी पहिली आली, इतकेच. ही तीच आपली चिमणी आहे, तंतोतंत तीच जात. तिच्या नावाने दर वर्षी २० मार्चला जो दिवस जगभर पाळला जातो त्याची सुरुवात नाशिकमधील पक्षिप्रेमींच्या पुढाकारातून झाली, ही गोष्ट मी येथील मंडळींना संधी मिळेल तेव्हा ऐकवीत असतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. काही वाचक लिहितात की त्या तासात काहीच दिसले नाही, म्हणून आकडे पाठवले नाहीत. शून्य हीसुद्धा नोंद आहे आणि ती जरूर पाठवावी. भरलेल्या बागांचेच आकडे गेले तर देशभर पक्षी भरपूर आहेत असा खोटा निष्कर्ष निघेल.

प्रश्न : येथील बागकामाच्या दुकानात 'नायजर' नावाची काळी बारीक बी पक्ष्यांसाठी महाग विकतात. सासूबाई नाशिककडच्या. त्यांनी पिशवीत हात घातला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर कारळे!" त्या बरोबर आहेत का? त्या पिशवीची चटणी करता येईल का? आणि आपल्या स्वयंपाकघरातले आणखी काय पक्ष्यांना चालते? — एक वाचक, रेडिंग

उत्तर : सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत. मूळ इथिओपियातील हे पीक आपल्याकडे डोंगराळ, हलक्या जमिनीत पिढ्यानपिढ्या घेतले जाते आणि काही भागांत त्याला खुरासणी म्हणतात. इंग्लंडातील पक्ष्यांना त्याची गोडी लागली ती मुख्यतः गोल्डफिंचमुळे. लाल तोंडाचा, पंखावर सोनेरी पट्टा असलेला हा पक्षी निसर्गात काटेरी झुडपांच्या बोंडांतून बारीक बिया टिपून खातो, त्यामुळे त्याची चोच लांबट आणि टोकदार असते आणि कारळ्याचा दाणा तिला नेमका बसतो. त्यासाठी अगदी अरुंद फटी असलेले वेगळे फीडर लागते. नेहमीच्या फीडरमध्ये कारळे घातले तर वाळूच्या घड्याळासारखे ते खाली वाहून जातात, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

चटणी मात्र त्या पिशवीची करू नये. तो माल माणसाच्या खाण्यासाठी निवडलेला आणि स्वच्छ केलेला नसतो. उलट दिशेने जाण्यास हरकत नाही. भारतीय दुकानातून आणलेले कच्चे, न भाजलेले कारळे पक्ष्यांना चालतात. थोडेच घालावेत, कारण या तेलबियांना लवकर खवट वास येतो आणि खवट दाण्याला गोल्डफिंच शिवत नाही.

शेंगदाणे उत्तम, पण खारे किंवा मसाल्याचे कधीही नकोत. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते लहान पक्ष्याला मारून टाकते, त्यामुळे डब्याच्या तळाशी उरलेले जुने दाणे "फेकण्यापेक्षा पक्ष्यांना घालू" असा विचार करू नये. वसंतात आणि उन्हाळ्यात अख्खा दाणा मोकळा ठेवू नये, कारण पालक पक्षी तो पिलाच्या घशात घालतात आणि पिलू गुदमरते. जाळीच्या फीडरमधून त्यांना तो कुरतडूनच घ्यावा लागतो. बिनमिठाचे दाण्याचे कूट मात्र रॉबिन आणि डनॉक यांना फार आवडते.

मिठाची गोष्ट गंभीर आहे. लहान पक्ष्यांच्या शरीराला मीठ बाहेर टाकणे जमत नाही, तेव्हा चिवडा, फरसाण, शेव, पापडाचे तुकडे आणि फोडणीचा भात यांपैकी काहीही बागेत टाकू नये. साधा, बिनमिठाचा शिजवलेला भात चालतो. पोळीने अपाय होत नाही, पण तिच्यात त्यांना लागणारी चरबी फारशी नसते आणि पोट मात्र भरते. थंडीच्या दिवसांत हा सौदा पक्ष्याला परवडत नाही. ओल्या नारळाची वाटी झाडाला उलटी टांगली तर टिट तिला लोंबकळून खातात आणि पाहायलाही मजा येते. पुडीतील सुका खोबरे-कीस मात्र वर्ज्य समजावा, तो पोटात जाऊन फुगतो. दूधही देऊ नये, ते त्यांना पचत नाही.

दूध पचत नाही म्हटले, तरी साय त्यांना आवडते याचा पुरावा जगप्रसिद्ध आहे. पूर्वी दूधवाला पहाटे दारात बाटल्या ठेवून जाई, आणि साउथॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग येथे १९२१ मध्ये पक्षी बाटलीचे झाकण फाडून वरची साय खाताना प्रथम नोंदले गेले. पुढील दोन-तीन दशकांत ही युक्ती देशभरातील टिट पक्ष्यांमध्ये पसरली आणि शास्त्रज्ञांनी तिच्यावर निबंध लिहिले. दारातली बाटली आता दुर्मीळ झाली आणि दुधावरची सायही काढून टाकलेली असते, त्यामुळे ती विद्याही लोपली.

प्रश्न : पितृपक्षात आम्ही मागच्या अंगणात वाडी ठेवतो. आमच्या दोन वर्षांच्या अनुभवात कावळा शिवत नाही. येथील कावळे वेगळे आहेत का? — एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : वेगळे आहेत. आपला राखाडी मानेचा गावकावळा माणसाच्या खांद्यावरून घास नेईल इतका धीट असतो. येथील काळा कॅरियन क्रो बुजरा असून खिडकीत पडदा हलला तरी उडतो. ओकहॅममध्ये आमच्या वाडीला शिवतो तो जॅकडॉ: कावळ्याच्याच कुळातला, आकाराने लहान, मानेवर राखाडी छटा आणि डोळे मात्र पांढुरके. तो लोकांच्या धुराड्यांत घरटी करतो, म्हणून गावात भरपूर असतो. गुरुजींना विचारले असता त्यांनी "कुळ एकच ना, मग चालते" असा निर्णय दिला. पक्ष्यांच्या बाजूने एवढेच सांगतो की वाडीतला पक्ष्यांसाठीचा घास बिनमिठाचा काढावा, पसरट थाळीत थोडाच ठेवावा, आपण घरात जाऊन दिवा मालवावा आणि अर्धा तास खिडकीशी जाऊ नये. उरलेले अन्न दिवस मावळण्यापूर्वी उचलून घ्यावे. त्याचे कारण पुढच्या प्रश्नात आलेच आहे.

प्रश्न : शेजारीण तक्रार करते की आमच्या दाण्यांमुळे उंदीर आले. शिवाय फीडरखाली एक हिरवट पक्षी पिसे फुगवून तासन्‌तास बसलेला दिसला आणि दुसऱ्या दिवशी मेला. दाणे घालणे बंद करावे का? — एक वाचक, लेस्टर

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी अधिक गंभीर आहे, म्हणून ती आधी घेतो.

आपण पाहिलेला पक्षी बहुधा ग्रीनफिंच असावा. २००५ च्या सुमारास येथील फिंच पक्ष्यांमध्ये ट्रायकोमोनोसिस नावाचा रोग दिसू लागला. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि मुळात कबुतरवर्गातला आहे. घसा सुजतो, दाणा गिळता येत नाही, चोचीभोवतीची पिसे ओली दिसतात आणि पक्षी अन्नाशेजारी बसून उपाशी मरतो. आजारी पक्ष्याच्या तोंडातून पडलेला ओला दाणा आणि एकाच भांड्यातले पाणी यांतून तो इतरांना लागतो. पूर्वी प्रत्येक बागेत दिसणारा ग्रीनफिंच या रोगाने निम्म्याहून अधिक कमी झाला आणि २०२१ मध्ये लाल यादीत गेला. आपण प्रेमाने मांडलेली पंगतच साथीचे ठिकाण ठरली, हे पक्षी पाहणाऱ्या सगळ्यांना बोचणारे सत्य आहे. सपाट तबकात दाणे आणि लाळ एकत्र साचतात, म्हणून आरएसपीबीने २०२५ मध्ये अशा सपाट टेबलांची विक्रीही थांबवली.

तेव्हा आपण तूर्त किमान दोन आठवडे सर्व दाणे व पाणी बंद ठेवावे. पक्षी अन्यत्र पांगतात आणि साखळी तुटते. फीडर सौम्य जंतुनाशकाने, ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. परजीवीला ओलावा लागतो, वाळलेल्या जागी तो टिकत नाही. पुन्हा सुरुवात केल्यावर हेच काम दर आठवड्याला करावे, पाणी रोज बदलावे आणि फीडर मधूनमधून जागा बदलून टांगावा. यासाठी ब्रश आणि बादली स्वतंत्र ठेवावी आणि धुलाई स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नव्हे, बाहेर करावी. हा विशिष्ट रोग माणसाला होत नाही, परंतु पक्ष्यांच्या विष्ठेत इतर जंतू असतात. ज्याला आठवड्याला अर्धा तास धुण्यासाठी काढता येत नाही त्याने फीडर टांगूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने आयव्हीचा वेल किंवा लाल फळांचे कोटोनिॲस्टर लावावे, त्यांना धुवावे लागत नाही.

उंदरांबाबत शेजारीणबाईंचे म्हणणे खोटे नाही. उंदीर येतात ते खाली सांडलेल्या दाण्यांसाठी. संध्याकाळपर्यंत संपेल एवढेच घालावे, खाली पडलेले झाडून घ्यावे आणि स्वस्त मिश्रणाऐवजी सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया आणाव्यात. स्वस्त मिश्रणातला गहू टिट पक्षी चोचीने बाहेर भिरकावतात, आणि तोच उंदरांचा शिधा होतो. दोन आठवड्यांच्या बंदीची बातमी आपण होऊन शेजारणीला द्यावी. संबंध सुधारण्यास तिचा उपयोग होईल.

प्रश्न : आमच्या डोळ्यांदेखत एका शिकारी पक्ष्याने फीडरवरचा होला उचलला. लहान नात रडली. याला हाकलण्याचा काही उपाय? — एक वाचक, चेल्म्सफर्ड

उत्तर : नाही, आणि शोधूही नये. तो स्पॅरोहॉक, आपल्या शिक्र्याचा सख्खा भाऊबंद. होला नेला म्हणजे ती मादी असावी. नर बराच लहान असतो आणि चिमण्या-टिट यांवर भागवतो. कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. फीडर आडोशाजवळ हलवावा आणि नातीला सांगावे की त्याच्याही घरी पिले आहेत.

प्रश्न : आपल्या टिपणातील 'रॉबिन' म्हणजे आपला दयाळ का? इंग्लंडच्या बागेतील कोणते पक्षी आपल्याकडेही आहेत? — एक वाचक, पुणे

उत्तर : नव्हे. इंग्रज जेथे जेथे गेले तेथे तेथे त्यांनी घरच्या आठवणीने निरनिराळ्या पक्ष्यांना रॉबिन म्हटले, आणि दयाळ व चीरक यांच्या इंग्रजी नावांत तो शब्द असाच शिरला. आकार आणि शेपटी उडवण्याची लकब सोडली तर साम्य थोडे आहे. येथील रॉबिन माळ्याच्या फावड्यामागे फिरतो आणि उकरलेल्या मातीतले गांडूळ त्याच्या बुटाशेजारून उचलतो. नाताळच्या भेटकार्डांवर तो इतका का दिसतो याचे उत्तरही गमतीचे आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील पोस्टमन लाल कोट घालीत आणि लोक त्यांनाच रॉबिन म्हणत.

दोन्हीकडे सापडणाऱ्यांत चिमणीचा उल्लेख वर आलाच. दुसरा पक्षी म्हणजे गळ्यात काळी कंठी असलेला होला, आणि त्याची कथा मला सगळ्यांत विलक्षण वाटते. आशियातला हा पक्षी गेल्या शतकात बाल्कन प्रदेशातून युरोपभर पसरत गेला आणि १९५५ मध्ये नॉर्फोक किनाऱ्याजवळ त्याने ब्रिटनमध्ये पहिले घरटे केले. त्याला कोणी आणले नाही. तो स्वतःच्या पंखांनी आला आणि आज येथील प्रत्येक गावात आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडातील हिरवे राघू मात्र पिंजऱ्यांतून सुटलेल्यांचे वंशज आहेत. त्यांचे मोकळ्यावरील पहिले वीण-हंगाम १९६९ मध्ये नोंदले गेले, आणि आता बर्फ पडत असतानाही ते बागेत कर्कश ओरडत दाणे खातात. ओकहॅमच्या आमच्या बागेत ते अद्याप आलेले नाहीत, आणि गोल्डफिंचच्या दृष्टीने ते बरेच आहे.

ब्लॅकबर्डचा भाऊ आपल्या सह्याद्रीत आहेच. महाबळेश्वरच्या पावसात गाणारा कस्तुर त्याच्याच कुळातला.

प्रश्न : दुर्बीण कोणती घ्यावी? आणि मागच्या खिडकीतून दुर्बीण लावली तर शेजारी आक्षेप घेतील का? — एक वाचक, नॉर्दॅम्प्टन

उत्तर : ८×४२ असे लिहिलेली घ्यावी. आठ म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते तो आकडा, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा किंवा बारा पटीची दुर्बीण मोहात पाडते, पण हात थरथरला की पक्षीही थरथरतो, आणि हिवाळ्यातील अंधुक उजेडात चित्र काळसर दिसते.

आक्षेपाची भीती रास्त आहे. येथील मागच्या बागा एकमेकींना लागून असतात आणि बागेपलीकडे लगेच दुसऱ्याचे शयनगृह. दुर्बीण नेहमी क्षितिजाखाली, आपल्याच कुंपणाच्या आत ठेवावी. वरच्या मजल्यावरून वापरू नये. आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना आपला छंद एकदा सांगून ठेवावा. दूरचे पाहण्याची हौस असेल तर आमच्या गावाबाहेरच रटलंड वॉटर हा मोठा जलाशय आहे. मासे पकडणारा ऑस्प्रे इंग्लंडमधून नामशेष झाला होता. तो येथे १९९६ पासून स्कॉटलंडमधून पिले आणून पुन्हा वसवण्यात आला आणि २००१ मध्ये त्याने पहिले पिलू वाढवले. मार्चअखेरीपासून ऑगस्टपर्यंत निरीक्षणगृहातून त्याचे घरटे दिसते. येथील ऑस्प्रे थंडीत पश्चिम आफ्रिकेत जातात. उजनीच्या पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात दिसणारे वेगळ्या देशांतून आलेले असतात.

प्रश्न : घरट्याची पेटी कधी आणि कशी लावावी? — एक वाचक, डर्बी

उत्तर : १४ फेब्रुवारीला येथे घरटी-पेटी सप्ताह सुरू होतो, तोवर लावून मोकळे व्हावे. जमिनीपासून दोन ते चार मीटर उंचीवर, तोंड उत्तर आणि पूर्व यांच्यामध्ये, म्हणजे उन्हाचा आणि पावसाचा मारा टळतो. भोक ब्लू टिटसाठी २५ मिलिमीटर, ग्रेट टिटसाठी २८ आणि चिमणीसाठी ३२. भोकाखाली बसण्याची काडी लावू नये, तिचा उपयोग पक्ष्यापेक्षा शत्रूला होतो. पेटीत वर्दळ सुरू झाली की झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. वापरात असलेले घरटे जाणूनबुजून काढणे, मोडणे किंवा त्याचे नुकसान करणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. साफसफाई सप्टेंबरनंतर.

प्रश्न : मी कोल्हापूरची. येथे रुग्णालयात परिचारिका आहे. डिसेंबरमध्ये पहाटे चारला रात्रपाळी संपवून बसथांब्यावर उभी असते तेव्हा दिव्याच्या खांबाशेजारच्या झाडावर एक पक्षी एकटाच गात असतो. सहकारी म्हणतात, नाइटिंगेल. खरे का? — एक वाचक, पीटरबरो

उत्तर : सहकाऱ्यांची ही समजूत देशभर आहे, परंतु नाइटिंगेल डिसेंबरमध्ये इंग्लंडात नसतो, तो एप्रिलमध्ये येतो, काही आठवडे गातो आणि उन्हाळा सरताना आफ्रिकेत परततो. आपल्याला ऐकू येतो तो रॉबिन.

बहुतेक पक्षी हिवाळ्यात गाणे थांबवतात, कारण गाणे हे विणीच्या हंगामाचे काम. रॉबिनला मात्र बाराही महिने आपली हद्द राखायची असते, आणि थंडीत नर व मादी दोघे वेगवेगळ्या हद्दी धरून बसतात, त्यामुळे येथील ज्या थोड्या पक्षिजातींत मादीही गाते त्यांत ही एक आहे. आपण ऐकता ती कदाचित मादीच असेल. दिसायला दोघे सारखेच. त्याचे डोळे मोठे असून मंद उजेडातही त्याला दिसते, आणि रस्त्यावरचा दिवा त्याला उजाडल्याचा भास देतो. शेफिल्ड येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेही आढळले की दिवसा जेथे गोंगाट अधिक तेथे रॉबिन रात्री अधिक गातो. रुग्णालयासमोरचा रस्ता दिवसभर गजबजलेला असणार, तेव्हा पहाटे चारची वेळ त्याने सोयीची म्हणून निवडली असेल.

ओळख पटवायची असेल तर खांबाच्या उजेडात, माणसाच्या डोक्याहून थोड्या उंचीवरची फांदी पाहावी. डिसेंबरचे त्याचे गाणे पातळ, थांबत-थांबत येणारे आणि थोडे उदास असते. फेब्रुवारी लागला की तेच भरदार होत जाते. आपली रात्रपाळी तोवर चालू असेल तर हा फरक ऐकून मला अवश्य कळवावा.